प्रकल्प कोणी लिहिला हे पोराला विचारा, ॲपला कशाला विचारता?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांची मुलं आठवी ते दहावीत आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आपल्या बार्शीतल्या एका हायस्कूलने (नाव घेत नाही, घेतलं तर त्रास मुलांनाच होतो) पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकली, की एआय वापरून प्रकल्प केल्याचे आढळल्यास शून्य गुण. त्याच महिन्यात तिथल्या घटक चाचणीच्या पेपरात शेवटच्या प्रश्नाखाली एक ओळ छापून आली: 'आणखी प्रश्न हवे असल्यास कळवा.' ही ओळ कुठल्या सरांची नाही, हे पोरांनी जागेवर ओळखलं. सरांनी पेपर काढायला एआय वापरला याला माझी हरकत नाही. वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. माणूस सोय बघणारच. न वाचता छापला, याला हरकत आहे. आणि पोरगं तेच करतं तेव्हा शून्य, याला त्याहून जास्त.

माझी पुतणी तिथेच नववीला आहे. तिने बार्शी लाइट रेल्वेवर प्रकल्प केला. १८९७ ला सुरू झालेली, अडीच फुटी रुळांवरची आपली छोटी गाडी. आजोबांना तास-दीड तास बसवून तिने विचारलं, कुर्डुवाडीला जायला किती वेळ लागायचा, गर्दीत कुठं बसायचे, पावसाळ्यात काय व्हायचं. बाईंनी वहीचे फोटो काढून मजकूर कुठल्याशा तपासणी ॲपमध्ये टाकला. ॲप म्हणालं, बहुतांश एआयने लिहिलेलं. वही परत. मीच लिहिलंय म्हणाली, तर 'मग एवढं शुद्ध कसं?' शुद्ध मराठी लिहिणं हा आता चोरीचा पुरावा झाला म्हणायचं! त्या गाडीबद्दल तिला एकही प्रश्न कोणी विचारला नाही.

या तपासणीचा भरवसा किती, ते ऐका. चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. त्यांचेच आकडे सांगतो. एआयने लिहिलेल्यापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला पकडता आला, आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने एआयचा ठरवला. म्हणजे साठच्या साठ पोरांनी स्वतः लिहून आणलं तरी पाचेक जण चोर ठरले असते. हे सगळं इंग्रजीत. इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेला वापरू नका, असं ते स्वतःच सांगत होते. जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून त्यांनी ते बंद केलं. आणि आपण मराठी वही फुकटच्या ॲपला दाखवून पोरीचे गुण ठरवतोय.

सरसकट बंदीचंही तेच. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये चॅटजीपीटी बंद केलं आणि मे महिन्यात बंदी उठवली. शाळेत बंद केलं तरी घरी बापाच्या मोबाइलवर चालूच असतं.

आता पालकांनो, तुमच्याकडे येतो. चॅटजीपीटीच्या अटींत १३ वर्षांखाली वापर नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. आपण परवानगी कधी दिली? मोबाइल दिला, तीच परवानगी. आणि एआय आल्यावर प्रकल्प खोटे झाले असं सोंग तर कोणीच करू नये. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, ते आपणच आणून देतो. अंतर्गत गुण कसे पडतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या दहावीला भाषेचे अंतर्गत गुण काढले, तर राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, ते मान्य. पण पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. दुखणं जुनं आहे, एआयने फक्त झाकण काढलं.

एआय निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. आपली गाडी ब्रॉडगेज कधी झाली, हे मी एका ॲपला दोनदा विचारलं. दोन वेगळी सालं मिळाली, दोन्ही तितक्याच ठामपणे. पोरांनी शिकायचं ते हेच. वापरलं तर वहीच्या शेवटी लिहा, काय विचारलं, काय उत्तर आलं, ते कोणाकडून किंवा कुठल्या पुस्तकातून पडताळलं, त्यातलं चुकीचं काय निघालं. निबंध मात्र वर्गात, कागदावर, समोर बसवून लिहून घ्या. लिहायची सवय मोडली तर ती नंतर येत नाही. आणि प्रकल्पावर पाच मिनिटं तोंडी घ्या. वेळ नाही म्हणाल, तर चिठ्ठ्या टाका, दहा पोरांना विचारा. कोणाचा नंबर लागेल ते माहीत नसलं की साठही वाचून येतील. ज्याने स्वतः केलंय तो बोलतो, ज्याने उतरवलंय तो दुसऱ्या प्रश्नालाच अडकतो. हे ओळखायला बाईंना ॲपची गरज नाही, त्यांना ते आमच्यापेक्षा चांगलं कळतं.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देतोय. ॲपच्या सांगण्यावरून नाकारलेल्या वह्या परत घ्या, त्या मुलांची तोंडी घ्या, आणि एआय वापरला तर सांगायचा नियम पेपर काढणाऱ्यांनाही लावा. शनिवारी सकाळी अकराला शाळेच्या गेटपाशी या. ज्यांच्या पोरांच्या वह्या परत आल्यात त्यांनी वही आणि पोरगं दोन्ही सोबत आणा.