हाड मोडल्यावर मिळणारे पैसे

पनवेल हे औषधांना सरावलेले गाव. १८७२ साली येथे 'धूतपापेश्वर' सुरू झाले. आसवे, भस्मे आमच्या आज्या-पणज्यांच्या फडताळात असत. आज गावातल्या कुठल्याही औषधांच्या दुकानाशी पाच मिनिटे उभे राहावे, साठीपुढच्या बायका 'हाडांची गोळी' मागताना दिसतात. मिळते ती बहुधा कॅल्शियमची. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवेच, पण ऑस्टिओपोरोसिस एकदा जडल्यावर तेवढ्याने भागत नाही.

पुढची औषधे निराळी आहेत, आणि आम्हा पेन्शनरांच्या बैठकीत त्यांतले 'सगळ्यांत चांगले' कोणते, यावर हिरिरीने वाद होतात. अलेंड्रोनेट हे त्यांतले जुने नाव. १९९५ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आठवड्यातून एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर; मग अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. चहासुद्धा नाही. (आमच्या पिढीला सर्वांत जड जाते ते हेच!) आडवे झाल्यास अन्ननलिकेला इजा होऊ शकते, आणि चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी लागत नाही. हे ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी त्याच कुळातले झोलेड्रोनिक आम्ल आहे. वर्षातून एकदा शिरेतून देतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्यांचे अस्थिभंग त्याने ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी केले. मूत्रपिंडे फार अशक्त असतील तर मात्र ते चालत नाही.

डेनोसुमॅब २०१० सालचे, दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचायचे. त्याच्या चाचणीतले आकडे ६८ आणि ४०, म्हणजे जवळपास तेच. फरक पडतो तो थांबल्यावर. अलेंड्रोनेट हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते, म्हणून पाचेक वर्षांनी डॉक्टर काही रुग्णांना त्यापासून सुटीही देतात. डेनोसुमॅब मुरत नाही. तारीख टळली की कमावलेले हाड झपाट्याने झिजते आणि काहींचे एकापाठोपाठ एक मणके मोडतात. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला एक मुदत ठेवीसारखे दिसते, दुसरे कॅश क्रेडिटसारखे: नूतनीकरण चुकले की वसुली दारात. मुले परदेशी आणि घरात दोघेच म्हातारे असतील, तर दर सहा महिन्यांची तारीख कोण सांभाळणार, हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच विचारायला हवे.

नवे हाड घडवणारी औषधेही आहेत. टेरिपॅराटाइड रोज टोचून घ्यायचे, साधारण दोन वर्षे. रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, वर्षभर, पण नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्यांना नाही. दोन्ही महाग, आणि संपल्यावर वरच्यांपैकी एखादे घ्यावेच लागते.

आता पैशांकडे येतो. खुब्याचे हाड मोडून म्हातारी रुग्णालयात दाखल झाली, की मेडिक्लेम जागा होतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही मुख्यतः दाखल झालेल्यांसाठीच. तेच हाड मोडू नये म्हणून दर आठवड्याला घ्यायची स्वस्त जेनेरिक गोळी मात्र बहुतेकींना स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. कर्ज बुडाल्यावर पैसे देऊ, हप्ता चुकू नये म्हणून काही करणार नाही, असे म्हणणारा अधिकारी कुठल्याही बँकेत टिकला नसता.

रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. त्यांच्या शेजारी अलेंड्रोनेट ठेवायला हरकत कसली? घनता मोजण्याचे यंत्र प्रत्येक तालुक्यात येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. साध्या पडण्याने जिचा खुबा किंवा मणका मोडला, तिच्या हाडाने आपला अहवाल दिलेलाच असतो; वय आणि पूर्वीचे अस्थिभंग यांवरून इतरांचाही धोका बराचसा आजमावता येतो. पन्नाशीपुढची बाई घरातल्या घरात घसरून मनगट मोडून आली, की प्लास्टरच्या कागदावरच हाडांच्या तपासणीची आणि औषधाची नोंद व्हावी. पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करता येईल.