सुट्टीमागचा संपादक

वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या पासलीसारख्या गावात रविवार म्हणजे पुण्या-मुंबईला कामधंद्यासाठी गेलेली माणसे घरी येण्याचा दिवस. हा दिवस इंग्रजांनी आपल्या प्रार्थनेसाठी राखला आणि तोच पुढे गिरणीलाही लागू झाला, असे सांगणारा मजकूर याही आठवड्यात मोबाईलवरून फिरत राहिला. या सदरात पूर्वी खुलासा करूनही हा समज हटत नाही, याचा संताप येतो.

प्रत्यक्षात ही सुट्टी मागून घ्यावी लागली. नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) हे सत्यशोधक समाजाचे, म्हणजे जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या सुधारणावादी संस्थेचे, कार्यकर्ते होते. त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले, आणि १८९० मध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे संपादकही होते. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे साप्ताहिक लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत हाती घेतले, आणि त्या कामाची शिस्त त्यांच्या मागण्यांतही उतरलेली दिसते: दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. अन्यायाची नुसती तक्रार न करता तो तासांत आणि तारखांत मांडला, म्हणूनच कमिशनला तो टाळणे अवघड झाले.

याच संपादकाने फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापून पुढची छापण्याचे थांबवले, याचाही उल्लेख येथे केलाच पाहिजे. फुले विलक्षण संतापले, आणि तो संताप रास्तच होता, कारण शेतकऱ्याची लूट सांगणाऱ्या पुस्तकाला शूद्रांच्याच पत्राने पाठ दाखवावी, यापरता दुसरा घाव नाही. तरीही ती प्रकरणे छापत राहून सरकारी रोषाने पत्र बंद पडले असते तर गिरणीच्या कामगाराची बाजू कोणी छापली असती, हा प्रश्न उरतोच. मतभेद होऊनही लोखंडे सत्यशोधकच राहिले, आणि फुल्यांनी आपला ग्रंथ पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर येथे लोकांना स्वतः वाचून दाखवला.