पहारेकऱ्यांना चकवणाऱ्या पेशी

बालमित्रांनो, तुमच्या वर्गातलं कुणी मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतं का? "फार गोड खाल्लं असेल!" असं कुणी म्हणालं, तर त्याला लगेच थांबवा. लहान मुलांना बहुधा पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. तो गोड खाऊन होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

मग होतो तरी कसा? जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात बीटा पेशी असतात. त्या इन्सुलिन बनवतात. इन्सुलिन म्हणजे जणू किल्ली! तिच्यामुळे रक्तातली साखर शरीरातल्या पेशींत शिरते. पण कधी कधी शरीराचे पहारेकरी, म्हणजे पांढऱ्या पेशी, या बीटा पेशींनाच चोर समजून मारतात. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं.

पूर्वी ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी माणसाचं इन्सुलिनचं जनुक जिवाणूत बसवलं. जनुक म्हणजे पेशीला मिळालेली लेखी सूचनाच. जिवाणू निमूटपणे माणसाचं इन्सुलिन बनवू लागला! पुढे छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, वोक्हार्ट कंपनीने हेच काम यीस्टकडून करून घेतलं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचा हा भाऊबंद. २००३ मध्ये ते इन्सुलिन बाजारात आलं.

पण रोज टोचण्यापेक्षा बीटा पेशीच शरीरात बसवल्या तर? अडचण अशी, की परक्या पेशी दिसताच पहारेकरी तुटून पडतात. त्यांना दाबून ठेवणारी औषधं घ्यावीत, तर इतर रोग गाठतात.

यावर शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. दात्याच्या पेशींची जनुकं बदलून त्यांची 'परकेपणाची' खूण पुसली आणि 'मला खाऊ नका' हा इशारा वाढवला. डिसेंबर २०२४ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला इथे ४२ वर्षांच्या एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत अशा पेशी टोचल्या. बारा आठवड्यांनंतरही त्या जिवंत होत्या, इन्सुलिन बनवत होत्या. तेही त्या औषधांशिवाय!

मात्र पेशी थोड्याच होत्या, म्हणून त्याचं इंजेक्शन सुटलं नाही. अजून पुष्कळ चाचण्या व्हायच्या आहेत. पालकांनो, तोवर कुणाच्याही सांगण्यावरून मुलांचं इन्सुलिन बंद करू नका. संभाजीनगरची 'उडान' ही संस्था अशाच मुलांसाठी काम करते.

आणि मुलांनो, इन्सुलिन घेणारा मित्र एकाएकी थरथरू लागला, घामाघूम झाला, तर त्याची साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या आणि बाईंना हाक मारा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, धावत जाऊन मोठ्या माणसांना बोलवा. एवढं तर आपण आजच करू शकतो, नाही का?