गार्ड बसवायचा की नाही, हे काउंटरवर ठरू नये

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



मी अचलपूर तालुक्यातला शेतकरी. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या पांदणीतून साधी गाडी निघत नाही, म्हणून फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, गार्ड कधी बसवता? गार्ड म्हणजे बंपरच्या पुढे ठोकतात ती लोखंडी पाइपांची चौकट. कंपनीच्या भाषेत बुल बार. मी तो बसवणार नाही. पण हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती ना शोरूममध्ये मिळाली, ना ॲक्सेसरीच्या दुकानात, ना आपल्या खात्याच्या एखाद्या फलकावर. ती शोधत बसावी लागली. प्रत्येक गाडीवाला तेवढे करणार नाही, म्हणून हे पत्र.

लोक गार्ड केवळ मिरवायला लावतात, असे कृपया समजू नका. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला रात्री जाणाऱ्यांना विचारा. घाटात सांबर, रानडुक्कर, एखादवेळी रानगवा. आणि जंगल मागे पडले की शेतांतून रोही, म्हणजे नीलगाय. वाढलेला रोही नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो आणि पाहता पाहता तुरीतून डांबरावर येतो. रेडिएटर फुटला तर मोबाइलला रेंज नसलेल्या जागी गाडी उभी राहते, आत लेकरेबाळे असतात. ही भीती खरी आहे.

हलक्या धडकेत गार्ड रेडिएटर आणि हेडलाइट वाचवतो, हेही खरे. पण जोराच्या धडकेत काय होते, ते दुकानदार सांगत नाही. गाडीचा पुढचा भाग कंपनीने मुद्दाम चेपणारा केलेला असतो. तो चेपला जातो म्हणून धक्का आतल्या माणसापर्यंत पोचताना कमी होतो. गार्ड बहुतेक वेळा थेट चॅसिसच्या दोन दांड्यांना बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे तोच धक्का दांड्यांतून सरळ मागे येतो. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर गाडीचा वेग किती झटकन कमी झाला त्यावरून ठरवतात, आणि तो हिशेब मूळ गाडीवर चाचण्या घेऊन बसवलेला असतो. पुढे वेल्डिंगचे लोखंड आले की हिशेब बिघडतो. एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा नको तेव्हा उघडू शकते. 2023 च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे पाहून लोक गाडी घेऊ लागले आहेत. ते तारे गार्ड नसलेल्या गाडीला मिळालेले असतात.

आणि रस्त्यावर फक्त रोही नसतो. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत 32,825 पायी चालणारी होती. गाडीचा प्लास्टिकचा बंपर आणि त्यामागचा फोम पायी माणसाच्या हाडांचा विचार करून बसवलेला असतो. त्याच्यापुढे पोलादी पाइप आला की तो विचार संपला. उंच गाडीचा गार्ड मोठ्या माणसाच्या मांडी-कमरेला लागतो, शाळकरी पोराच्या छातीला किंवा डोक्याला. आमच्या गावांत शाळा सुटली की पोरे डांबरी रस्त्याच्या कडेनेच घरी जातात. माझा निर्णय मुख्यतः इथे झाला.

ऑस्ट्रेलियात कांगारूंमुळे सर्रास बुल बार लावतात, असे मला अनेकांनी ऐकवले. लावतात. पण तिथे 2002 पासून बुल बारसाठी वेगळे प्रमाण आहे आणि बार त्या गाडीच्या एअरबॅगशी जुळणारा असावा लागतो. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये एकाच मापाचा गार्ड तीन कंपन्यांच्या गाड्यांना बसवला जातो, त्याला तो दाखला कसा लागू पडेल?

आता कायदा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवले की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा भंग आहेत, कारवाई करा. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच कलमात विक्रेत्याने नियमबाह्य बदल करून गाडी दिली तर प्रत्येक गाडीमागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे कायद्याने विक्रेत्याची जबाबदारी मोठी धरली आहे. रस्त्यात अडवला जातो मात्र मालक. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, तीही शोरूममधूनच होते. मधल्या काळात आपला निरीक्षक ती गाडी पाहणार कधी?

म्हणून माझी मागणी अशी की कारवाईची सुरुवात काउंटरपासून करा. नवी गाडी देताना गार्ड जोडून देणाऱ्या शोरूमला कलम 182-अ लावा. गाडीच्या कागदपत्रांबरोबर मराठीतले एक पान द्या, त्यात एअरबॅग आणि गार्डचा संबंध लिहा. लोक वाचतील, कारण प्रश्न त्यांच्याच जिवाचा आहे. ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी असलेल्या गाड्यांवरचे गार्ड आधी काढा. ते दिसत असताना आमच्या तालुक्यात कुणी आपले ऐकणार नाही.

पण गार्ड काढायला सांगताना रोह्याचे काय करायचे, हेही आपणच सांगायला हवे. डिपर लाइटचा उजेड साधारण 40 मीटरपर्यंत पडतो. ताशी 80 ने जाणारी गाडी ब्रेक मारण्याआधीच तीसेक मीटर पुढे जाते आणि थांबेपर्यंत 65 ते 70 मीटर. ताशी 50 ला ती साधारण 35 मीटरमध्ये थांबते. रोह्यापासून वाचवतो तो हा फरक. नागपूर–शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत. आमच्या राज्यमार्गांवर तेवढा खर्च लगेच होणार नाही, हे मी समजतो. रात्रीची वेगमर्यादा आणि ठळक फलक तर होऊ शकतात. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत आपले अधिकारी बसतात. जनावरे कुठे आडवी येतात हे प्रत्येक गावच्या पोलीस पाटलाला आणि एसटीच्या चालकांना माहीत आहे. त्यांच्याकडून जागा विचारून घ्या आणि यादी समितीपुढे ठेवा. दसरा-दिवाळीत तूर माणसाच्या उंचीची होते, मग कडेचा रोही अजिबात दिसत नाही. फलक त्याआधी लागले पाहिजेत.

आपला,
एक शेतकरी व वाहनमालक
ता. अचलपूर, जि. अमरावती