भोगवटा प्रमाणपत्र हे एक मोजमाप आहे

बांधकामाचा मंजूर नकाशा म्हणजे शास्त्रीय भाषेत एक भाकीत. इमारत अमुक इतकी उंच होईल, शेजारच्या भिंतीपासून अमुक इतकी दूर राहील, तिचे स्तंभ अमुक इतका भार पेलतील, असे तो सांगतो. ते भाकीत खरे ठरले की नाही, हे बांधकाम पूर्ण झाल्यावरच मोजता येते. त्या मोजमापाचे नाव भोगवटा प्रमाणपत्र. कर्नाटक शासनाने २०२५ मध्ये १२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांवरील लहान निवासी इमारतींना यातूनच सूट दिली. हा निर्णय केवळ प्रशासकीय मानून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी बाजूला ठेवू नये.

यामागची अडचण खरी आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की, हे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय वीज व पाणी यांची जोडणी देऊ नये. बेंगळुरूमध्ये असंख्य घरांकडे ते नव्हते. कर्ज काढून तीस बाय चाळीसच्या भूखंडावर घर बांधलेली कुटुंबे अंधारात ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते. परंतु तापमापी फेकून दिल्याने ताप उतरत नाही.

जयनगरचे उदाहरण घेऊ. १९४८ पासून आखणी करून वसवलेला हा भाग. रुंद रस्ते, झाडे, घरांभोवती मोकळी जागा ही त्याची ओळख. आज जुनी बैठी घरे पाडून तेथे मजले चढत आहेत. समजा, तळमजल्यावरील खिडकीसमोर दोन मीटरवर भिंत आहे आणि ती खिडकीच्या वर दहा मीटर जाते. खिडकीतून आकाशाची सुमारे अकरा अंशांची पट्टी दिसेल. बांधताना भिंत एक मीटर पुढे सरकली, तर ही पट्टी सहा अंशांहूनही कमी उरते. नकाशावर जेमतेम रेघेएवढा दिसणारा फरक शेजाऱ्याचा निम्मा प्रकाश घेऊन जातो. स्तंभांचेही तसेच. वाहनतळासाठी तळाचे स्तंभ वीस टक्के उंच केले आणि जाडी तीच ठेवली, तर त्यांचा आडवा ताठपणा चाळीस टक्क्यांहून अधिक घटतो, कारण तो उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मंजुरीचा शिक्का यातले काहीही बदलू शकत नाही. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी बाबूसापाळ्यात बांधकाम सुरू असलेली बहुमजली इमारत कोसळून नऊ जण दगावले. ते बांधकाम बेकायदा असल्याचे अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले.

त्यातच २०२४ मध्ये ‘नंबिके नक्षे’ ही विश्वासावर आधारित योजना आली. तीनुसार पन्नास बाय ऐंशी फुटांपर्यंतच्या निवासी भूखंडांना नोंदणीकृत वास्तुविशारद वा अभियंताच तात्पुरती मंजुरी देऊ शकतो. विलंब व हेलपाटे टाळण्यासाठी ही योजना योग्यच आहे. मात्र लहान घरांच्या बाबतीत आरंभीची तपासणी मालकाने नेमलेल्या व्यक्तीकडे गेली आणि अखेरची तपासणी उरलीच नाही. प्रयोग करणाराच निष्कर्ष लिहील आणि पडताळणी कोणीच करणार नाही, अशी ही रचना झाली.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, मनुष्यबळ अपुरे आहे आणि प्रत्येक तपासणी लाचेची नवी संधी ठरते. आक्षेपात तथ्य आहे. पण प्रत्येक घर तपासण्याची गरजच नाही. एखाद्या प्रभागातील दहा टक्के घरांनी नियम मोडला असेल आणि आपण यादृच्छिक पद्धतीने तीस घरे निवडली, तर एकही उल्लंघन न सापडण्याची शक्यता ०.९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे चार टक्के. निवड संगणकाने करावी, मोजणी दुसऱ्या प्रभागातील अभियंत्याने करावी आणि निकाल मंजूर नकाशासह संकेतस्थळावर ठेवावा. कोणाचे घर निवडले जाईल हे आधी ठाऊक नसले, म्हणजे भिंत सरकवण्यापूर्वी बांधणारा दोनदा विचार करील. जोते आणि स्तंभ मात्र झाकले जाण्यापूर्वीच तपासले पाहिजेत. गिलावा झाल्यावर सळ्या मोजता येत नाहीत.

सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरूचा कारभार पाच महानगरपालिकांकडे विभागला आहे. नव्या यंत्रणांच्या सवयी अजून घडायच्या आहेत. म्हणून ही मागणी आत्ताच व्हावी. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावण्याचे बंधन न्यायालयाच्या त्याच निर्देशांत आहे. आपल्या गल्लीत तो फलक लागला आहे का, हे विद्यार्थ्यांनी पाहावे. कोनमापक आणि टेप घेऊन रस्त्यावरूनच इमारतीची उंची काढता येते. आलेला आकडा फलकावरील आकड्याशी ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळत नसतील तर पालिकेला लेखी विचारावे.