मंगळावरची माणसं आणि आंधळा सार्जंट

ऑर्सन वेल्सचं नाव निघालं की आमच्याकडच्या फिल्म सोसायटीवाल्यांचा आवाज बदलतो. देवळात शिरल्यासारखा हळू होतो. ‘सिटिझन केन’, खोलीचं छत दाखवणारा कॅमेरा, पंचविसाव्या वर्षी पिक्चर केला, वगैरे वगैरे. मग कुणीतरी झब्बेवाला ती रेडिओची गोष्ट सांगतो. ३० ऑक्टोबर १९३८, सीबीएस, मंगळावरचे लोक न्यू जर्सीत उतरले, अख्खी अमेरिका घर सोडून पळाली. सगळे हसतात. चहा येतो.

अख्खी अमेरिका पळाली नव्हती. काही लोक घाबरले, टेलिफोन वाजले, बाकीचं वर्तमानपत्रांनी फुगवलं. रेडिओ त्यांच्या जाहिराती खात होता, त्याला बेजबाबदार ठरवायला त्यांना निमित्त हवंच होतं. शिवाय ते श्रुतिकेचं संहितालेखन हॉवर्ड कोचचं. पण लेखकाचं नाव कोण घेतो? दिग्दर्शकाची गोष्ट सांगायला सोपी पडते.

माझं भांडण वेल्सशी नाही. माणूस दांडगा होता. नाटकाचा दिग्दर्शक म्हणून दांडगा, रेडिओ नाटकाचा दिग्दर्शक म्हणून त्याहून दांडगा. माझं भांडण त्याची कारकीर्द जशी सांगितली जाते तिच्याशी आहे. तिच्यातनं काळी माणसं अशी गाळली जातात, जशी पंक्तीतनं आपली माणसं उठवली जायची. जेवण त्यांनीच वाढलेलं असतं, हे कुणाला आठवत नाही.

१९३६ पासून बघू. मंदीचा काळ. रूझवेल्टच्या सरकारनं बेकार नटांना काम द्यायला १९३५ साली फेडरल थिएटर प्रोजेक्ट काढला होता. हॅली फ्लॅनगन प्रमुख. त्यात ‘निग्रो युनिट’ नावाचं वेगळं खातं, न्यूयॉर्कचं युनिट हार्लेमच्या लाफायेट थिएटरात. तिथं वीस वर्षांच्या वेल्सनं शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ बसवला. स्कॉटलंड काढून टाकलं, कॅरिबियन बेट आणलं, हैतीसारखं. कल्पना त्याच्या बायकोची, व्हर्जिनियाची. चेटकिणी व्हूडूवाल्या केल्या. शंभरावर काळे कलावंत स्टेजवर. १४ एप्रिल १९३६ ला पहिला प्रयोग झाला तेव्हा सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर दहाएक हजारांची गर्दी लोटली, रहदारी बंद. दहा आठवडे नाटक तुडुंब चाललं, मग ब्रॉडवेवर गेलं, मग दौऱ्यावर.

छान झालं. खरंच छान झालं. जॅक कार्टर मॅकबेथ झाला, एडना थॉमस लेडी मॅकबेथ. ज्यांना तोवर नोकर, हमाल, मोलकरीण नाहीतर विदूषक यापलीकडं काम मिळत नव्हतं त्यांनी राजे-राण्यांची भाषा तोंडात घेतली. हे थोडंथोडकं नाही. ज्याच्या तोंडाला कायम ‘जी धनी’ लावून ठेवलंय, त्यानं एकदा तरी राजा म्हणून बोलावं यातली धग आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण या युनिटची जबाबदारी ज्या बाईनं उचलली होती तिचं नाव किती जणांना ठाऊक आहे? रोझ मॅक्क्लेंडन. काळी नटी, त्या काळातली मोठी. जॉन हाऊसमन गोरा, त्याच्या जोडीनं युनिटची सूत्रं तिच्याकडं होती. काळ्यांना दिग्दर्शन शिकायची संधीच कुणी दिली नव्हती, म्हणून सुरुवातीला अनुभवी गोरा माणूस जोडीला असावा असं सुचवणारीही तीच. म्हणजे बघा, दार आतून तिनं उघडलं. हाऊसमन आला, हाऊसमननं वेल्सला आणलं. मॅक्क्लेंडन आजारी पडली न् जुलै १९३६ मध्ये गेली. हाऊसमन-वेल्स जोडी त्याच वर्षी युनिट सोडून पुढच्या पायरीवर. मागं युनिट कुणी चालवलं? एडवर्ड पेरी, कार्लटन मॉस, हॅरी एडवर्ड या काळ्या माणसांनी. वेल्सच्या चरित्रात ‘हार्लेम’ हे एक प्रकरण असतं. हार्लेमच्या चरित्रात वेल्स हे चार-सहा महिने असतात. दोन्ही खरं, पण छापलं जातं एकच.

अजून एक. त्या नाटकात ढोल वाजवणाऱ्या मंडळींचा प्रमुख असादाता दाफोरा, सिएरा लिओनचा. हा काही जंगलातनं पकडून आणलेला मांत्रिक नव्हता. १९३४ सालीच त्यानं न्यूयॉर्कमध्ये ‘किकुंकोर’ हे स्वतःचं नृत्यनाट्य स्वतः रचून, स्वतः करून दाखवलं होतं. पण दंतकथा काय? पर्सी हॅमंड नावाच्या गोऱ्या समीक्षकानं ‘मॅकबेथ’ला शिव्या घातल्या न् तो थोड्याच दिवसांत न्यूमोनियानं मेला. लगेच किस्सा तयार. ढोलवाल्यांनी बोकड कापून करणी केली म्हणे. वेल्स हा किस्सा आयुष्यभर रंगवून सांगायचा. कलावंताचा भगत करून टाकला! न् हैती? गुलामांनी फ्रेंच फौज हाकलून १८०४ साली जो देश उभा केला त्या देशाचा स्टेजवर उरला काय, तर ढोल आणि चेटूक.

हे वाचताना तमाशा आठवतो का नाही? गण, गवळण, सोंगाड्या, वग, सगळं महार-मांगांच्या घामातलं. ते उचलून त्याला धुऊन-पुसून ‘लोकनाट्य’ केलं, नाट्यगृहात नेलं, वर दिग्दर्शकाला ‘मातीशी नाळ असलेला’ म्हणून पदवी. फडावरची बाई मात्र फडावरच. ज्याची माती त्याला काय मिळालं, हे विचारलं की आम्ही जातीयवादी. असो.

१९४१. रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’ आदल्याच वर्षी आली होती. वेल्सनं २४ मार्चला तिचं नाटक ब्रॉडवेवर आणलं. बिगर थॉमस झाला कॅनडा ली. हा तोच, ज्यानं हार्लेममध्ये बँको केला होता. मूळचा बॉक्सर, मुष्टियुद्धात एक डोळा गमावलेला. या प्रयोगाला मी ‘मॅकबेथ’पेक्षा वर मानतो. तिथं चेटूक नव्हतं, शेक्सपिअरची शाल नव्हती, शिकागोतली खोली होती, उंदीर होता, खून होता, आणि हा खून का झाला याचं उत्तर प्रेक्षकांकडंच मागितलेलं होतं. पुढं कॅनडा लीचं काय झालं? कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत. काम बंद. १९५२ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. वेल्स त्याच साली कानला सर्वोच्च बक्षीस घेत होता. कशाबद्दल? ‘ऑथेल्लो’बद्दल. न् ऑथेल्लो कोण? स्वतः वेल्स, तोंडाला रंग फासून.

इथं दातओठ खावेसे वाटतात. ज्यानं १९३६ मध्ये अख्खा ‘मॅकबेथ’ काळ्यांना दिला, त्याला १९५२ च्या ऑथेल्लोसाठी काळा माणूस सापडू नये? पॉल रॉब्सननं १९४३-४४ मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लोचे २९६ प्रयोग केले होते. १९५० पासून अमेरिकन सरकारनं त्याचा पासपोर्ट काढून घेतलेला, तो देशाबाहेर जाऊ शकत नव्हता. म्हणजे काळा ऑथेल्लो घरात कोंडलेला, आणि रंगवलेला ऑथेल्लो युरोपभर. कुणी म्हणेल, तेव्हाची रीतच होती. रीत तर होतीच. रीत मोडायची ऐपत असलेल्या माणसाचीच आपण गोष्ट करतोय ना?

आता मी ज्यासाठी हा कागद काळा करतोय तिथं येतो.

१२ फेब्रुवारी १९४६. आयझॅक वुडर्ड, सव्वीस वर्षांचा काळा सार्जंट, लढाई करून आलेला, त्याच दिवशी जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमधनं सुटलेला. अंगावर युनिफॉर्म. बसनं घरी निघालाय. लघवीला जायचं म्हणून ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगतो, शब्दाला शब्द लागतो. पुढच्या गावात ड्रायव्हर पोलिसांना बोलावतो. साऊथ कॅरोलायनातलं बेट्सबर्ग. पोलीस प्रमुख लिनवुड शल त्याला मारतो, दोन्ही डोळे जातात. कायमचे. रात्रभर कोठडीत, आणि सकाळी त्या आंधळ्या माणसाला कोर्टात उभा करून पन्नास डॉलर दंड! हिटलरला हरवून वर्षही झालेलं नव्हतं.

एनएएसीपीच्या वॉल्टर व्हाइटनं वुडर्डचं प्रतिज्ञापत्र वेल्सपर्यंत पोचवलं. वेल्स तेव्हा एबीसी रेडिओवर दर रविवारी पंधरा मिनिटं बोलायचा. २८ जुलै १९४६ ला त्यानं ते प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. संगीत नाही, ध्वनिपरिणाम नाहीत, मंगळ नाही. मारणाऱ्या पोलिसाचं नाव तेव्हा कळलेलं नव्हतं, म्हणून त्याला नुसतं ‘एक्स’ म्हटलं आणि त्याला शोधल्याशिवाय राहणार नाही असं बजावलं. पुढचे काही रविवार हाच विषय. प्रतिज्ञापत्रात गावाचं नाव चुकून एकन पडलं होतं. एकनवाले खवळले, माफी मागा म्हणाले, त्याचा पिक्चर गावात बंद केला. तपास होत होत ऑगस्टात खरं गाव आणि खरं नाव बाहेर आलं, लिनवुड शल. ते वेल्सनं रेडिओवर सांगितलं.

रेडिओ नाटकाचा दिग्दर्शक म्हणून त्यानं जे जे शिकलं होतं, आवाज कुठं दाबायचा, कुठं थांबायचं, ऐकणाऱ्याच्या कानाशी कसं जायचं, ते सगळं इथं एका आंधळ्या केलेल्या माणसाच्या कामी आलं. १९३८ मध्ये त्यानं खोट्याला खरं करून दाखवलं, त्याची वाहवा झाली. १९४६ मध्ये त्यानं खऱ्याला खरं म्हणून ऐकवलं. झब्बेवाल्यांच्या गोष्टीत हे नाही. का नाही? कारण मंगळावरच्या माणसाला जात नसते. त्याच्यावर हसता येतं.

याची किंमत त्याला काय पडली? या प्रकरणामुळंच कार्यक्रम गेला असं मी म्हणणार नाही. जाहिरातदार त्याआधीच निघून गेला होता. पण ऑक्टोबरात कार्यक्रम बंद झाला हे खरं, आणि स्वतःचा असा अमेरिकन मायक्रोफोन त्याला पुन्हा तसा मिळाला नाही.

शलवर खटला झाला. नोव्हेंबर १९४६, सगळी ज्युरी गोरी, अर्ध्या तासाच्या आत निर्दोष. खैरलांजी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. पण बोंब फुकट गेली नाही. डिसेंबर १९४६ मध्ये अध्यक्ष ट्रूमननं नागरी हक्कांची समिती नेमली, जुलै १९४८ मध्ये सैन्यातला वर्णभेद बंद करायचा हुकूम काढला. वुडर्डची हकीकत त्याच्या डोक्यात बसली होती. आणि शलच्या खटल्याचा जज वेअरिंग, दक्षिणेतला खानदानी गोरा, या निकालानं असा हादरला की १९५१ मध्ये शाळांतल्या विभाजनाविरुद्ध त्यानं एकट्यानं वेगळं मत लिहिलं. तिथनं वाट १९५४ च्या ब्राऊन निकालाकडं गेली.

तारखा जरा जुळवून बघा, मित्रांनो. त्याच जुलै १९४६ मध्ये पुण्यात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा सत्याग्रह चालला होता, कॅबिनेट मिशननं आपल्याला वाऱ्यावर सोडलं म्हणून. आणि त्याच सुमाराला बाबासाहेबांनी अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉयना पत्र लिहून काळ्यांनी युनोकडं दिलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. द्यु बॉयचं उत्तर ३१ जुलैचं. वेल्स रेडिओवर बोलला त्यानंतर तीन दिवसांनी. १९७२ मध्ये मुंबईत पँथर जन्मली तेव्हा लोक म्हणाले, पोरांनी अमेरिकेतनं फॅशन उचलली. फॅशन नव्हे, पत्रव्यवहार होता, आणि तो बापानं सुरू केलेला होता.

आता आपल्यातल्याच काही जणांचं. ते म्हणतात, आपल्यालाही असा एखादा वेल्स पाहिजे. मोठा दिग्दर्शक, आपला विषय घेईल, स्टेजवर नेईल, रेडिओवर नेईल. अरे, कशाला? १९४८ ते १९५० शिकागोच्या रेडिओवर रिचर्ड डरहॅम या काळ्या लेखकानं ‘डेस्टिनेशन फ्रीडम’ ही मालिका लिहिली. आठवड्याला एक श्रुतिका. गुलामांचे बंडखोर, काळे शास्त्रज्ञ, काळ्या बाया, सगळ्यांची नाटकं. नव्वदच्या वर भाग! त्याला व्हूडू लागलं नाही, शेक्सपिअर लागला नाही. आपल्याकडं भीमराव कर्डकांच्या जलशाला कुठला नेपथ्यकार होता? बत्ती होती, ढोलकी होती, ऐकणारा समाज होता. ३ ऑक्टोबर १९५४ ला बाबासाहेब आकाशवाणीवर बोलले तेव्हा आपलं जीवनाचं तत्त्वज्ञान त्यांनी आपल्याच तोंडानं सांगितलं, कुणा सहृदय निवेदकाच्या नव्हे.

वुडर्ड १९९२ मध्ये गेला. सेहेचाळीस वर्षं अंधारात. शल पुढं पाच वर्षं जगला, पंचाण्णवचा होऊन मेला. बेट्सबर्गच्या कोर्टानं २०१८ मध्ये तो जुना दंडाचा निकाल रद्द केला, २०१९ मध्ये गावात फलक लावला. फलकाच्या खालच्या भागात ब्रेल आहे.

तेव्हा फिल्म सोसायटीच्या चालकांना एक विनंती. पुढच्या वेळी वेल्सचा महोत्सव कराल तेव्हा २८ जुलै १९४६ चं ते ध्वनिमुद्रण लावा. ते उपलब्ध आहे. पंधरा मिनिटांचं आहे. ‘केन’ सुरू व्हायच्या आधी, लोक खुर्च्या शोधत असतात तेवढ्या वेळात होऊन जाईल.