मुळशीचे पाणी आणि कुरव पक्षी

दसरा झाला, की दुर्बीण गळ्यात अडकवून मी मुळशीच्या काठावर जाऊन बसतो. पाऊस ओसरलेला, डोंगर अजून हिरवे, तलाव तुडुंब. पाणकावळे, बगळे दिसतात. पण थव्यांनी उतरणारे परदेशी पाहुणे फारसे नसतात. मागच्या खेपेस म्हशी राखणाऱ्या एका आजोबांना माझी कीव आली. "पाखरंच बघायची तर भिगवणला जा. इथं काठ उभा नि पाणी खोल. पाखरानं पाय टेकायचा कुठं?"

आजोबांचे खरे होते. पाणपक्ष्यांना नुसते पाणी पुरत नाही. उथळ काठ आणि चिखल लागतो. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा पसरट आहे. पाणी उतरू लागले, की भिगवणजवळ पक्ष्यांचे ताट वाढले जाते. तिथे मी तपकिरी डोक्याचा कुरव पाहिला. तिबेट-लडाखकडच्या उंच सरोवरांकाठी वीण करून तो थंडीत आपल्या किनाऱ्यांवर येतो. तेव्हा डोक्याचा तपकिरी रंग गेलेला असतो आणि डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. हाच पक्षी मला रेवदंड्याच्या खाडीवरही भेटला होता.

नकाशा उघडला आणि चकित झालो. भिगवण आणि रेवदंडा ही मुळशीच्याच पाण्याची दोन टोके आहेत! मुळा नदी मूळची पूर्ववाहिनी. ती मुठेला मिळून पुढे भीमेत आणि उजनीत जाते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी धरण बांधले गेले आणि १९२७ पासून हे पाणी घाटाखाली भिऱ्याला पडू लागले. तिथे वीज करून ते कुंडलिकेतून रेवदंड्याला समुद्रास मिळते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांसह सत्याग्रह केला होता.

आता हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, वाढत्या पुण्याकडे वळवा, अशी मागणी वरचेवर होते. ती अवाजवी म्हणता येणार नाही. पण गेल्या शतकभरात भिऱ्याच्या पाण्यावर कुंडलिकाकाठची शेती, कारखाने आणि कोलाडचा नौकाविहार उभा राहिला आहे. त्यांची सोय कोण पाहणार? आणि आपण पुणेकर पाणी घेतो ते परत कसे करतो? पुणे-पिंपरीचे सांडपाणी भीमेवाटे उजनीत उतरते. तिथल्या हिरव्या, वास मारणाऱ्या पाण्यावर भिगवणचे मच्छीमार नावा चालवतात, मासे धरतात आणि पर्यटकांना पक्षी दाखवतात. उजनीत ज्यांची शेते बुडाली, त्यांच्यापैकीच कित्येक घरे या धंद्यात आहेत.

पाणी किती मिळणार, याइतकाच ते कसे सोडणार हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यायला शहराने आधी आपली गटारे पाहावीत. मुळशीकडे बोट नंतर दाखवावे.

हे सारे मी आजोबांना जमेल तसे सांगितले. ते ऐकून घेत होते. मग म्हशी वळवता वळवता म्हणाले, "पाणी कुठं न्यायचं ते ठरलं, की आम्हालाबी कळवा. मागल्या वेळेला कुणी इचारलं नव्हतं."